मॉकिंगबर्डचं निरीक्षण: ओळख, गाणं, हद्द, घरटं आणि जाती

मॉकिंगबर्ड हा दिसायला साधा, राखाडी पक्षी. वहीत नाव टिपून पुढे जायचं असेल तर पाच मिनिटं पुरतात, पण मग त्याच्यात बघण्यासारखं जे आहे ते जवळपास सगळं निसटतं. त्याचं गाणं, हद्दीवरून चालणारी भांडणं, घरट्याची राखण हे सगळं एकाच पक्ष्याकडे पुन्हा पुन्हा गेल्यावर उलगडतं. म्हणून सुरुवातीलाच एक ठरवा: एक नर निवडायचा आणि विणीचा एक हंगाम त्याच्या मागावर काढायचा. दहा पक्षी धावत पाहण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

मॉकिंगबर्ड मूळचे फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेतले आणि तिथल्या बेटांवरचे. हवाईत ते दिसतात, पण तिथे ते माणसाने नेऊन सोडलेले आहेत. मिमिडी या त्यांच्या कुळात थ्रॅशर आणि कॅटबर्डही येतात, आणि या कुळाचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे साळुंक्या-मैनांचं कुळ. पुढची बहुतेक माहिती नॉर्दर्न मॉकिंगबर्डबद्दल (मायमस पॉलिग्लॉटोस) आहे, कारण दक्षिण कॅनडापासून मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांपर्यंत हाच भेटतो. अमेरिकेतल्या टेक्सस, फ्लोरिडा, आर्कान्सा, मिसिसिपी आणि टेनेसी या पाच राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. बाकीच्या जाती शेवटी घेतल्या आहेत.

सामान फार लागत नाही. ८×४२ ची दुर्बीण, वही, आवाज टिपणारा मोबाइल आणि परिसराचा कागदावर छापलेला नकाशा एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी: ओळख पक्की करा

लांबी २१ ते २६ सेंमी, वजन साधारण ४० ते ५८ ग्रॅम. शेपटी लांब, पाय लांब, चोच बारीक आणि किंचित खाली वळलेली. वरून राखाडी, खालून मळकट पांढरा. बसलेला असताना प्रत्येक पंखावर दोन पांढरे पट्टे दिसतात. उडाला की खरी खूण समोर येते: पंखावर मोठा पांढरा डाग आणि शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरी पिसं. नर-मादी रंगावरून वेगळे काढता येत नाहीत. नर किंचित मोठा असतो, पण दोघं शेजारी असल्याशिवाय तो फरक कळत नाही, आणि शेजारी असले तरी त्यावर विसंबू नये.

गफलत होते ती मुख्यतः लॉगरहेड श्राइकशी, म्हणजे तिथल्या खाटीक पक्ष्याशी. रंगसंगती तीच: राखाडी, काळी, पांढरी. पण खाटकाच्या डोळ्यावर काळी पट्टी असते, चोच जाड आणि टोकाला आकडीसारखी असते, डोकं मोठं आणि शेपटी तुलनेने आखूड. उडण्यातही फरक आहे. खाटीक भराभर पंख मारतो. मॉकिंगबर्ड सावकाश, प्रत्येक फडफडीत पांढरा डाग दिसेल असा उडतो.

दुसरी चूक पिल्लांच्या बाबतीत होते. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाच्या छातीवर गडद ठिपके असतात, त्यामुळे ते थ्रॅशर वाटतं. अशा वेळी डोळा पाहा. प्रौढ मॉकिंगबर्डचा डोळा पिवळा ते नारिंगी असतो, पिल्लाचा राखाडी. शिवाय ब्राउन थ्रॅशर वरून तांबूस असतो, हे पिल्लू राखाडीच असतं.

दुसरी पायरी: गाणं मोजायला शिका

या पक्ष्याची सर्वांत भरवशाची खूण रंगात नाही, मोजण्यात आहे. मॉकिंगबर्ड एक तुकडा घेतो, तो बहुधा तीन किंवा जास्त वेळा म्हणतो आणि मग एकदम दुसऱ्या तुकड्यावर जातो. ब्राउन थ्रॅशर प्रत्येक तुकडा साधारण दोनदा म्हणतो. ग्रे कॅटबर्ड एकदाच म्हणून पुढे जातो आणि मधूनच मांजरासारखा म्याव करतो. झाडीत लपलेला पक्षी न पाहताही या तिघांना वेगळं करता येतं ते एवढ्याच हिशेबावर. मात्र एक-दोन तुकडे ऐकून निकाल देऊ नका. मॉकिंगबर्डही कधी दोनदाच म्हणून तुकडा सोडतो. निदान वीस तुकडे ऐका आणि एकंदर कल पाहा.

एका नराच्या पोतडीत १५०-२०० पर्यंत तुकडे असू शकतात आणि वय वाढतं तशी त्यांत भर पडते. (नुसत्या संख्येत ब्राउन थ्रॅशर पुढे आहे, त्याचे तुकडे हजाराहून जास्त भरतात. नकलेत मात्र मॉकिंगबर्डच सरस.) ते मोजायची पद्धत अशी:

१. पक्ष्यापासून १० ते १५ मीटरवर बसा. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. दहा मिनिटांचं सलग ध्वनिमुद्रण करा.

२. घरी येऊन ऐकताना प्रत्येक नव्या तुकड्याला एक खूण द्या आणि पुढे आवर्तनं लिहा: क×४, ख×३, ग×५, पुन्हा ख×३.

३. आधी आलेला तुकडा परत आला तर जुनीच खूण वापरा. शंका असेल तर ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट या संगणकावरच्या ध्वनी-प्रणालीत दोन्ही तुकड्यांचे ध्वनिचित्र (आवाजाचा चढ-उतार दाखवणारा आलेख) शेजारी शेजारी लावा. कानाला सारखे वाटणारे तुकडे डोळ्याला वेगळे दिसतात, आणि उलटही होतं.

४. एका आलेखावर आडव्या अक्षाला गाण्याची मिनिटं आणि उभ्या अक्षाला आतापर्यंतचे एकूण नवे तुकडे मांडा. रेषा सुरुवातीला झपाट्याने चढते, मग मंदावते. ती सपाट होईपर्यंत नवनव्या दिवशी मुद्रण करत राहा. एका सकाळच्या मुद्रणावरून एकूण आकडा सांगणं म्हणजे हमखास कमी मोजणं.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, दोन-तीन सुरांचा मिळून झालेला तुकडा फोडून दोन तुकडे मोजले जातात. आवर्तनात जे एकत्र परत येतं ते एक, हा नियम ठेवा. दुसरी, शेजारच्या हद्दीतला दुसरा नर मध्येच गातो आणि त्याचे तुकडेही पहिल्याच्या खात्यावर जमा होतात. म्हणून मुद्रण चालू असताना नजर पक्ष्यावरच हवी.

तुकड्यांचा क्रमही ऐकण्यासारखा आहे. २०२१ मध्ये टीना रोस्के, डेव्हिड रोथेनबर्ग आणि डेव्हिड गॅमन यांनी दाखवलं की एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना हा पक्षी काहीतरी धागा राखतो आणि एखादीच बाजू बदलतो. आवाजाचा पोत बदलतो, सूर वर-खाली नेतो, तोच आराखडा ताणून लांबवतो किंवा आवळून जलद करतो. हे ठाऊक झाल्यावर गाणं नकलांची यादी वाटत नाही, त्यातली रचना ऐकू यायला लागते. पुन्हा ऐकताना वहीत एक रकाना फक्त या चार बदलांसाठी ठेवा.

गाण्याचे हंगाम दोन: फेब्रुवारी ते ऑगस्ट आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात. वसंतातले तुकडे आणि शरदातले तुकडे बरेचसे वेगळे असतात, म्हणून दोन्ही हंगामांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. माद्याही गातात, बहुतेक शरदात आणि हळू आवाजात. तेव्हा गाणारा प्रत्येक पक्षी नरच, असं धरून चालू नका.

तिसरी पायरी: मुद्रण नीट करा

मोबाइल चालतो, पण फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. एमपी३ मध्ये दाबलेल्या आवाजाचं ध्वनिचित्र पुसट येतं. वेगळं यंत्र असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा. पातळी जास्त झाली की आवाज फाटतो आणि नंतर काहीही केलं तरी सुधारत नाही. कमी झाली तर वाढवता येते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, माइकवर फरचं आवरण घाला, पकड बदलू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्षी काय करत होता हे मुद्रणाच्या शेवटी बोलून ठेवा. गाणं चालू असताना कुजबुजलात तर नेमका हवा तो तुकडा जातो.

मर्लिनसारखी आवाज ओळखणारी ॲप वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपून राहावं. मॉकिंगबर्डने कार्डिनल, ब्लू जे किंवा कॅरोलिना रेनची नक्कल केली की ॲप त्या पक्ष्यांची नावं दाखवतं. एकाच झाडावरून दोन मिनिटांत पाच-सहा जाती ‘ऐकू’ आल्या, तर वर बसलेला गायक एकच असण्याची शक्यता मोठी. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यांतली एकही जात यादीत घालू नका. बेडूक, गाडीचा भोंगा यांच्याही नकला होतात. पण तो काहीही उचलतो हे खरं नाही. स्वतःच्या गाण्याच्या पट्टीत आणि वेगात बसणारे आवाज तो अधिक घेतो. होल्याच्या घुमण्यासारखे फार खालच्या सुरातले आवाज क्वचितच.

रात्रभर गाणारा पक्षी बहुतेक वेळा जोडीदार न मिळालेला नर असतो, आणि पौर्णिमेच्या आसपास त्याचा जोर वाढतो. झोपेला त्रास होत असेल तर बाहेरचा दिवा बंद करा, खिडकी लावा, पंख्याचा एकसुरी आवाज चालू ठेवा. त्याला हुसकावण्यात अर्थ नाही, तो पलीकडच्या खांबावर जाऊन गातो. जोडी जमली की रात्रीचं गाणं बहुधा कमी होतं.

चौथी पायरी: हद्दीचा नकाशा काढा

विणीच्या काळात एका जोडीची हद्द वस्तीत साधारण एक हेक्टरच्या आसपास असते, मोकळ्या विरळ जागी ती मोठी होते. नकाशावर पक्षी गाताना बसला ती प्रत्येक जागा ठिपक्याने दाखवा. एका भेटीला अर्धा तास, दोन-तीन आठवड्यांत सहा ते आठ भेटी. शेवटी सर्वांत बाहेरचे ठिपके रेषेने जोडले की हद्द कागदावर उतरते. गाण्याची जागा बहुधा उंच आणि उघडी असते, जसं झाडाचा शेंडा, छताचं टोक, तारेचा खांब. त्यामुळे ठिपके मिळायला अडचण येत नाही.

सीमा नेमकी कुठे आहे हे मात्र दोन पक्षीच दाखवतात. शेजारी जमिनीवर समोरासमोर येतात, मान ताठ, शेपटी उभी, आणि दोघं एकमेकांच्या चालीला चाल देत आडवे टणाटण उड्या मारतात. बहुतेक वेळा एक मागे सरतो आणि प्रकरण तिथेच मिटतं, कधी झटापट होते. हा नाच जिथे झाला तिथे फुली मारा. अशा तीन फुल्यांनी सीमा जितकी पक्की होते, तितकी तीस ठिपक्यांनी होत नाही.

शरदात नकाशा नव्याने काढावा लागतो. किडे कमी झाले की पक्षी फळांवर येतो आणि फळांनी लगडलेल्या झुडपाभोवतीची जागा राखायला लागतो. उन्हाळ्यातली हद्द आणि हिवाळ्यातली हद्द एकच असेल असं गृहीत धरल्यामुळे अनेकांच्या नोंदी बिघडतात.

याच वेळी आणखी दोन हालचाली टिपा. नर गाता गाता शेंड्यावरून वर उसळतो आणि पंखांचे पांढरे डाग दाखवत तरंगत पुन्हा तिथेच उतरतो. हे मादीसाठी असतं. दुसरी जमिनीवरची: चालता चालता थांबतो आणि दोन्ही पंख झटक्याझटक्याने, टप्प्याटप्प्याने वर उघडतो. याचं कारण अभ्यासकांत वादाचं आहे. गवतातले किडे हलावेत म्हणून, साप किंवा शत्रूला बिचकवण्यासाठी, हद्द दाखवण्यासाठी, अशी मतं आहेत. पंखांवर मोठे पांढरे डाग नसलेल्या जातीही असंच करतात, म्हणून ‘पांढरं दाखवून किडे उठवतो’ एवढं स्पष्टीकरण पुरत नाही. नोंद करताना तीन गोष्टी लिहा: समोर काय होतं, किती टप्प्यांत पंख उघडले, आणि लगेच चोच मारली का.

पाचवी पायरी: घरटं, लांबूनच

घरटं बहुधा जमिनीपासून एक ते तीन मीटरवर, दाट झुडपात असतं. बाहेरचा काटक्यांचा सांगाडा नर रचतो, आतलं गवत-मुळ्यांचं अस्तर बरंचसं मादी घालते. प्लॅस्टिकचे तुकडे आणि चंदेरी कागदही त्यात सापडतो. नर एकाहून जास्त सांगाडे सुरू करतो, म्हणून काटक्या नेताना दिसला म्हणजे अंडी तिथेच पडणार असं नाही. अस्तराचं साहित्य घेऊन मादी कुठे जाते ते पाहा.

अंडी दोन ते सहा, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. मादी एकटी १२-१३ दिवस उबवते, आणि पिल्लं आणखी साधारण बारा दिवसांत घरटं सोडतात. हंगामात दोन-तीन विणी होतात. आधीच्या पिल्लांना नर भरवत असताना मादी पुढच्या घरट्याला लागलेली असते.

दुर्बिणीतून, निदान दहा मीटरवरून पाहा. कोरडा ‘चॅक’ आवाज सुरू झाला की तुम्ही फार जवळ आहात, मागे या. पिल्लं दहा दिवसांची झाल्यावर तर जवळ जाऊच नका, घाबरून ती वेळेआधी उडी मारतात. तुम्ही तुडवलेल्या वाटेने मांजर घरट्यापर्यंत पोचतं, म्हणून दर वेळी त्याच रेषेने जाऊन परत फिरू नका. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने अंडी, पिल्लं आणि वापरातलं घरटं यांना हात लावायला परवान्याशिवाय बंदी आहे.

अंडी फुटल्यापासून पिल्लं उडेपर्यंत आईबाप माणसावरही झेप घेतात, शक्यतो पाठीमागून, डोक्यावर. काही आठवड्यांचा प्रश्न असतो. वाट बदला. बदलता येत नसेल तर छत्री उघडा किंवा पक्ष्याकडे तोंड करून चला. हातवारे करून हाकलू नका, कारण तो माणूस लक्षात ठेवतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारातल्या प्रयोगात एकच माणूस चार दिवस रोज ३० सेकंद घरट्याजवळ उभा राहिला. पक्षी त्याला पाहून दिवसेंदिवस लवकर उठू लागले आणि जास्त आक्रमक झाले. पाचव्या दिवशी दुसरा माणूस आला तेव्हा ते पहिल्या दिवसासारखेच वागले. याचा निरीक्षकाला सरळ धडा असा की घरट्याशी एकदा गडबड केलीत, तर पुढचा सगळा हंगाम तुमच्या नोंदी ‘घाबरलेल्या पक्ष्याच्या’ नोंदी होतील.

जमिनीवर फडफडणारं पिल्लू बहुधा अनाथ नसतं. घरटं सोडल्यावर काही दिवस त्याला नीट उडता येत नाही आणि आईबाप खालीच भरवतात. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं आत घ्या आणि दूर व्हा. घरी नेऊ नका.

खिडकीच्या काचेवर धडका देणारा नर आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत असतो. आतून पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही, प्रतिबिंब बाहेरच्या बाजूला पडतं. बाहेरून साबण फासा किंवा जाळी लावा.

बागेत बोलवायचं असेल तर

दाण्यांच्या खाद्यपात्राला तो विचारत नाही. फळांची अर्धी फोड, चरबीची वडी किंवा अळ्या ठेवा. खरा उपाय म्हणजे फळझुडपं: अमेरिकन हॉली, डॉगवुड, एल्डरबेरी, ब्यूटीबेरी. मल्टिफ्लोरा गुलाब त्याला आवडतो, पण तो आक्रमक परका आहे, लावू नये. एकदा खाद्यपात्र ताब्यात घेतलं की हा पक्षी बाकीच्यांना हाकलतो. मग दुसरं पात्र त्याच्या नजरेआड, घराच्या विरुद्ध बाजूला टांगा.

बाकीच्या जाती: आधी ठिकाण, मग रंग

बहुतेक जाती ठिकाणावरूनच अर्ध्याहून जास्त ओळखल्या जातात. दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर ब्राझीलपर्यंत ट्रॉपिकल मॉकिंगबर्ड आढळतो. तो नॉर्दर्नसारखाच, पण पंखावर मोठा पांढरा डाग नाही. दक्षिण मेक्सिकोत दोघांचा संकर होतो, तिथे मधल्या रूपाच्या पक्ष्यावर नाव लादू नका. बहामा मॉकिंगबर्ड मोठा, कुशीवर रेघा असलेला. ब्राझील-अर्जेंटिना पट्ट्यातल्या चॉक-ब्राउडला रुंद पांढरी भुवई असते, आणि त्याच्या घरट्यात शायनी काऊबर्ड अंडी घालतो. अर्जेंटिनातलाच व्हाइट-बँडेड पंखावरच्या रुंद पांढऱ्या पट्ट्याने ओळखू येतो आणि नकलेत अव्वल आहे. मेक्सिकोचा ब्लू मॉकिंगबर्ड वेगळ्याच प्रजातीतला (म्हणजे जातींच्या वेगळ्या गटातला), गर्द निळा, काळ्या मुखवट्याचा आणि झाडीत दडणारा. त्याच्यासाठी शेंडे नाही, दाट झुडपांचा तळ न्याहाळावा लागतो.

इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर चार जाती आहेत आणि एका बेटावर एकच. सान क्रिस्तोबाल, एस्पान्योला आणि फ्लोरियाना यांची प्रत्येकी स्वतंत्र जात, तर सांताक्रूझ, इसाबेला, सांतियागो आणि इतर अनेक बेटांवर चौथी. म्हणून पक्ष्याआधी बेटाचं नाव लिहा. चार्ल्स डार्विनने १८३५ मध्ये नेमकं हेच केलं होतं: फिंच पक्षी त्याने बेटानुसार वेगळे ठेवले नाहीत, मॉकिंगबर्ड मात्र ठेवले, आणि बेटागणिक जाती वेगळ्या का असाव्यात हा विचार त्यांच्यापासून सुरू झाला. एस्पान्योलाचा पक्षी लांब, वाकड्या चोचीचा, टोळीने राहणारा. समुद्रपक्ष्यांची अंडी आणि जखमांतलं रक्तही तो सोडत नाही. पाण्यासाठी तो माणसाच्या बाटलीवर येऊन बसतो. त्याला पाणी पाजू नका: गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखायचं, काही खायला-प्यायला द्यायचं नाही आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शकासोबतच फिरायचं. पक्षी स्वतः जवळ आला तर बाटली पिशवीत घाला आणि स्तब्ध उभे राहा.

फ्लोरियानाचा मॉकिंगबर्ड मुख्य बेटावरून एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला. उंदीर आणि मांजरं ही त्याची मोठी कारणं. शेजारच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन छोट्या बेटांवर तो तगून राहिला. चॅम्पियनवर पर्यटकांना उतरता येत नाही, त्यामुळे तो होडीतून पाहावा लागतो. सकाळी, समुद्र शांत असताना जा आणि किनाऱ्यालगतच्या निवडुंगांवर दुर्बीण लावा.